बोट घेतली, आता तिचा तोलही तपासा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकली, पाणी ३५ फुटांच्याही वर गेले आणि समा, अकोटा, मुजमहुडा, कारेलीबाग अशा भरवस्तीच्या भागांत माणसे गच्च्यांवर अडकून पडली. त्या दिवसांत बडोदेकरांना सर्वांत जास्त जाणवली ती बोटींची कमतरता. आपत्ती प्रतिसाद दले, लष्कर आणि अग्निशमन दल यांनी शर्थ केली, तरी एकाच वेळी एवढ्या गल्ल्यांत पोहोचणे कोणालाही शक्य नव्हते. त्या अनुभवातून आमच्या परिसरातील काही सोसायट्यांनी आणि मंडळांनी वर्गणी काढून छोट्या मोटरबोटी घेतल्या आहेत, तर काही ठिकाणी पैसे जमवण्याचे काम अजून चालू आहे. लोकांनी स्वतः पुढे होऊन केलेली ही तयारी मला मोलाची वाटते. परंतु या खरेदीच्या बैठकांमध्ये इंजिन किती हॉर्सपॉवरचे, बोट फायबरची की रबराची, लाइफ जॅकेट किती, यावर तासन्‌तास चर्चा होते, आणि ही बोट माणसे भरल्यावर पाण्यात कशी बसेल, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे तिचा तोल किती उरेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो विचारला जावा, आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बोटीची त्या दृष्टीने पाण्यात चाचणी व्हावी, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

बडोद्याला हा प्रश्न नवा नाही. ११ ऑगस्ट १९९३ रोजी सूरसागर तलावात बोट उलटून २२ जणांचे प्राण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेली १२ मुले आणि त्यांच्या २ शिक्षिका आपण गमावल्या. दोन्ही वेळी बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, आणि दोन्ही वेळी ती वाहत्या नदीत नव्हे, तर गावातल्या शांत तलावात बुडाली. पाणी शांत असूनही जी बोट तोल सांभाळू शकत नाही, ती पुराच्या ओढीत, अंधारात, घाबरलेल्या माणसांना घेऊन सांभाळेल अशी अपेक्षा करणे धोक्याचे आहे. त्यातच आपल्या नदीतील मगरी पुराबरोबर वस्तीत येतात, हे प्रत्येक बडोदेकराला माहीत आहे. येथे बोट उलटणे म्हणजे केवळ भिजणे नव्हे.

आपल्याकडे अशा कामासाठी साधारणपणे १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद, मागे टांगलेल्या इंजिनाची बोट घेतली जाते. तिची रचनाच अशी आहे की सगळे वजन मागे एकवटते. १५ ते २५ हॉर्सपॉवरचे इंजिन ४० ते ५० किलोंचे असते आणि ते मागच्या फळीवर अगदी टोकाला अडकवलेले असते. ते चालवणारा माणूस दांडा हातात धरून त्याच्या शेजारीच बसतो. पेट्रोलची नळी आखूड असल्यामुळे टाकीही तिथेच पायाशी ठेवली जाते, आणि २५ लिटरची भरलेली टाकी सुमारे २० किलोंची होते. म्हणजे एकही प्रवासी बसण्यापूर्वी दीडशे किलोंच्या आसपास वजन बोटीच्या शेवटच्या दोन-तीन फुटांत आलेले असते.

या आकाराची बोट मध्यभागी ठेवलेल्या दर ४० किलोंमागे सर्वत्र सारखी, सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. ७० किलोंचा माणूस मधोमध बसला तर ती पावणेदोन सेंटिमीटर बुडेल. परंतु हाच माणूस अगदी टोकाला जाऊन बसला तर ते टोक त्याच्या तीन ते चार पट, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर खाली जाते आणि दुसरे टोक वर उचलले जाते. वजन तेच, पण जागा बदलली की परिणाम एवढा बदलतो. आता मागच्या फळीकडे पाहा. पाण्यात उतरणारा खालचा भाग आखूड असलेल्या इंजिनासाठी ही फळी तळापासून जेमतेम १५ इंच उंच ठेवलेली असते, कारण तेवढ्याच उंचीवर इंजिन बसवले तर पंखा योग्य खोलीवर येतो. बोटीच्या बाजू त्याहून उंच असतात, आणि त्यामुळे इंजिनासाठी ठेवलेली ही खाच हाच सगळ्या बोटीतला सर्वांत बुटका भाग असतो. सर्वांत जड टोक आणि सर्वांत बुटकी कड एकाच ठिकाणी, अशी ही अडचण आहे. कोणी वेगात येऊन एकदम इंजिन बंद केले की बोट थांबते, पण तिने मागे उठवलेली लाट थांबत नाही. ती मागून येऊन याच खाचेवरून आत शिरते. पुढे सर्वत्र भरपूर कड शिल्लक दिसत असताना मागून बोट भरून जाते, ती अशी.

आमच्या भागातील एका मंडळाने घेतलेली बोट शहराबाहेरच्या एका तळ्यात पहिल्यांदा उतरवली गेली, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. चालक मागे, टाकी त्याच्या पायाशी, आणि बरोबर आलेले चार तरुण इंजिन कसे चालते ते पाहण्याच्या कुतूहलाने मागच्याच फळकुटावर दाटीवाटीने बसलेले. काठावरून पाहताना बोटीचे पुढचे टोक आकाशाकडे पाहत होते आणि मागच्या खाचेखाली पाणी चार बोटांवर आले होते. इंजिनाचा जोर वाढवला की नाळ, म्हणजे हे पुढचे टोक, आणखी वर जाई, चालकाला समोरचे काही दिसेना, आणि एवढे पेट्रोल जाळूनही बोट पाणी ढकलत जड चालत होती. तिथे एक वयस्कर भोईकाका बसले होते. त्यांनी बोट काठाला घ्यायला सांगितली, टाकी उचलून मधल्या फळीखाली नेली आणि दोरीने बांधली, चौघांपैकी दोघांना मधल्या फळीवर डाव्या-उजव्या अंगाला आणि दोघांना पुढच्या फळीवर बसवले, नांगर व दोरखंड नाळेच्या कोपऱ्यात ठेवायला लावला आणि मग खडूने मागच्या फळीवर बाहेरून पाण्याची रेघ मारली. पाणी आता खाचेपासून वीतभर खाली होते. एकही नवी वस्तू विकत न आणता, तीच माणसे आणि तेच इंजिन घेऊन ती बोट सरळ बसली. ती खडूची रेघ पुढे रंगाने पक्की केली जाईल असे वाटले होते. अद्याप तसे झालेले नाही.

पेट्रोलची नळी लांब हवी असेल तर ती बाजारात मिळते. तिच्या सांध्यांतून हवा शिरत नाही आणि ती कोणाच्या पायाखाली चिरडत नाही, एवढे पाहावे लागते. चालकालाही थोडे पुढे सरकून बसता यावे म्हणून इंजिनाच्या दांड्याला जोडायची लांब मूठ मिळते. बोटीवर दिव्यासाठी किंवा सेल्फ स्टार्टसाठी बॅटरी असेल तर ती मागच्या कोपऱ्यात न ठेवता मध्याच्या पुढे, तळाला घट्ट बांधावी. या गोष्टींचा खर्च इंजिनाच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

इंजिनाच्या कलण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे मोठा गैरसमज दिसतो. मागच्या फळीला इंजिन जिथे टेकते तिथे एक आडवी खीळ असते आणि तिच्यासाठी चार-पाच भोके असतात. खीळ फळीच्या जवळच्या भोकात घातली की पंखा आत वळतो आणि बोटीचे नाक खाली येते. लांबच्या भोकात घातली की नाक वर उचलले जाते. नाक फार खाली गेले तर बोट पाणी नांगरत जाते आणि वळताना पुढच्या टोकावर अडखळून अचानक एका बाजूला फिरते. नाक फार वर गेले तर ती घोड्यासारखी वर-खाली उसळू लागते, आणि पंखा हवा ओढून नुसताच गरगरतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जिला मेकॅनिक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोट चालू असताना तळाशी समांतर आणि तळाच्या रेषेत किंवा जास्तीत जास्त इंचभर खाली असावी, हे साधे माप आहे. परंतु ही खीळ काम करते ती वेग असतानाच. गल्लीतल्या पाण्यात बोट चालण्याच्या वेगाने न्यावी लागते, नाहीतर तिच्या लाटा लोकांच्या घरांत शिरतात आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालणारी माणसे पडतात. आणि त्या वेगात खिळीचे भोक बदलून काहीही साध्य होत नाही. तिथे बोटीची बैठक ठरते ती फक्त कोण कुठे बसले आहे यावर. म्हणूनच इंजिन दुरुस्त करणाऱ्याने खीळ लावून दिली म्हणजे बोटीचा तोल जमला, असे कोणी समजू नये.

उथळ पाण्यात दुभाजक, बुडालेल्या स्कूटर, कुंपणाचे गज यांना पंखा लागू नये म्हणून इंजिन अर्धे वर उचलून चालवण्याची सोय असते. त्या स्थितीत जोर फार वाढवायचा नसतो, एवढेच येथे सांगून पुढे जातो.

पुढे-मागे तोल चुकला तर बोट निदान सूचना देते; आडवा तोल गेला तर ती वेळ देत नाही. रुंद आणि सपाट तळाची बोट आरंभी फार स्थिर वाटते, त्यामुळे लोक निर्धास्तपणे उभे राहतात. माणूस उभा राहिला की त्याच्या वजनाचा मध्य दीड-दोन फूट वर जातो, आणि तीन-चार माणसे एकदम उभी राहिली तर सगळ्या बोटीचाच भारमध्य वर सरकतो. बोट थोडी कलली की पाण्याचा आधार कललेल्या बाजूला सरकतो आणि तिला परत सरळ करतो, हे खरे. पण भारमध्य जितका उंच तितका हा सरळ करणारा जोर कमी पडतो, आणि कललेल्या बाजूची कड पाण्याला टेकली की तो संपतोच. केरळमध्ये थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटली आणि ४५ जण दगावले. ती आपल्या बोटींपेक्षा कितीतरी मोठी होती. प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोटीत मुळातच कमी असलेला आडवा तोल तेवढ्याने संपला.

त्याहून फसवे असते ते आत साचलेले पाणी. पावसाने, लाटेने किंवा भिजून आलेल्या माणसांच्या कपड्यांनी तळात पाच सेंटिमीटर पाणी जमले, तर पाय भिजण्यापलीकडे कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण साडेतीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर ते सव्वादोनशे लिटरच्या जवळपास भरते, म्हणजे तीन प्रौढ माणसांचे वजन झाले. शिवाय ही तीन माणसे सांगितल्या जागी बसून राहत नाहीत. परातीत पाणी भरून ती उचलून पाहिली तर ज्या बाजूला हात किंचित खाली जातो त्याच बाजूला सगळे पाणी धावते. बोटीतही तेच घडते, आणि बोट जितकी कलेल तितके हे वजन तिला आणखी कलवते. म्हणून प्रत्येक बोटीत दोन बादल्या किंवा दांड्याचे मोठे मग दोरीने बांधलेले असलेच पाहिजेत, आणि पाणी उपसणे हे एका ठरलेल्या माणसाचे, फेरी चालू असतानाचे काम असले पाहिजे. बॅटरीवरचा पंप असला तरीही बादली हवी.

बचावकार्यात सर्वांत कठीण क्षण येतो तो पाण्यातल्या किंवा जिन्यावरच्या माणसाला आत घेताना. बुडणारा माणूस कडेला दोन्ही हातांनी लटकतो, त्याला धरायला बोटीतले तिघे त्याच बाजूला धावतात, आणि मदतीची ही स्वाभाविक ओढच बोट उलटवते. एकाने ओढायचे, दुसऱ्याने त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या कडेशी खाली बसायचे, बाकीच्यांनी जागा सोडायची नाही, आणि इंजिन पूर्ण बंद करून, पंखा थांबला आहे याची खात्री करूनच हे करायचे, हा क्रम सराव केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. फुगवलेल्या रबरी बोटीच्या कडेच्या नळ्या मोठ्या असल्यामुळे ती या कामात फायबरच्या बोटीपेक्षा पुष्कळ समजूतदार ठरते. माझ्या मते सोसायटीला एकच बोट घ्यायची असेल तर तीच घ्यावी, मग ती काटेरी तारांपासून जपावी लागली तरी चालेल.

वाहत्या पाण्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यांचा संबंध थेट तोलाशी आहे. बोट ओढून न्यायची दोरी कधीही कडेच्या कडीला बांधू नये. ती पुढच्या टोकाला आणि शक्य तितकी खाली बांधावी, कारण आडव्या ओढीने बोट कलते आणि पाण्याकडची कड बुडते. तसेच बोट ओढीबरोबर जाऊन खांबाला किंवा झाडाला आडवी चिकटली, तर सगळ्यांनी त्या खांबाकडेच सरकायचे असते. घाबरलेला माणूस उलट्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूने पाणी येत आहे तिकडे मागे सरतो, ती कड खाली जाते, आणि पाणी तिच्यावर चढून बोट क्षणात पालथी करते.

आता किती माणसे बसवावीत हा प्रश्न. बोटीवर उत्पादकाने क्षमतेची पाटी लावलेली असेल तर तीच अंतिम मानावी. पाटी नसेल तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे एक सोपे गणित आहे, जे २० फुटांपेक्षा लहान, साध्या, एकाच सांगाड्याच्या बोटींना लागू पडते: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. आपल्या १४ बाय ५ फुटांच्या बोटीला हे गणित चालकासह ४ माणसे देते, आणि तीसुद्धा शांत पाण्यात. आठ-दहा माणसे सहज मावतात असे जे आपल्याला डोळ्यांना दिसते, ते जागेचे माप आहे, तोलाचे नव्हे. पुरात एखाद्या घरातील सहा माणसांपैकी तिघांना मागे ठेवून परत येणे किती जड जाते, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण दोन फेऱ्यांत सहाही जण सुखरूप पोहोचतात, हे गच्चीवरच्या कुटुंबाला समजावून सांगण्याची जबाबदारी बोटीवरच्या माणसाने आधीच स्वीकारलेली असली पाहिजे.

चाचणी अवघड नाही. एखाद्या तळ्यात, काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात बोट उतरवून, इंजिन, टाकी आणि सर्व सामान चढवून, ठरलेली माणसे ठरलेल्या जागी बसवून पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना पाण्यावर किती कड उरते ते फूटपट्टीने मोजावे. मग एका माणसाला मधून कडेशी सरकवून ती कड किती खाली जाते ते पुन्हा मोजावे. दोन माणसे एका कडेला गेल्यावर उरलेली कड निम्म्यापेक्षा कमी होत असेल, तर बोटीवरची संख्या कमी करावी, असे मी सुचवीन. बोटीत दोन इंच पाणी ओतून हीच मोजणी एकदा करून पाहिली, तर पाणी उपसण्याचे महत्त्व मंडळातील तरुणांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त पटेल. शेवटी पाण्याची कमाल रेघ बोटीवर बाहेरून पक्क्या रंगाने ओढावी आणि प्रत्येक फळीवर किती माणसे, टाकी कुठे, बॅटरी कुठे, हे गुजरातीत आणि मराठीत रंगवून टाकावे, म्हणजे रात्री नवा माणूस आला तरी त्याला विचारावे लागणार नाही. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची इंजिन बंद करणारी दोरी चालते की नाही, हेही त्याच दिवशी पाहावे. तो पाण्यात पडला तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

केंद्राचा २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्याने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला, आणि यंत्राने चालणाऱ्या जलयानांची तपासणी व नोंदणी आता त्याच्या चौकटीत होते. मंडळांनी आपल्या बोटीला त्यातील काय लागू होते हे विचारून घ्यावे आणि कागदपत्रे पूर्ण करावीत. पण कागदावरची तपासणी एका दिवसाची असते. बोट त्यानंतर वर्षभर कोपऱ्यात पडते, तिचे इंजिन बदलले जाते, फळी कुजते, दुहेरी तळात पाणी मुरून ती आपोआप जड होते, आणि ती पाण्यात उतरते ती थेट पुराच्या रात्री.

म्हणून माझी महापालिकेच्या अग्निशमन दलाला विनंती आहे, की मे महिन्यात दोन रविवार ठरवून, शहरातील किंवा आसपासच्या एखाद्या सुरक्षित तळ्यावर, आपल्या प्रशिक्षित जवानांच्या देखरेखीखाली सोसायट्यांच्या आणि मंडळांच्या सर्व मोटरबोटी पाण्यात उतरवून त्यांची वरीलप्रमाणे चाचणी करून घ्यावी. प्रत्येक बोटीच्या मापांचा एक कागद बोटीबरोबर आणि एक अग्निशमन केंद्रात राहावा, म्हणजे पुराच्या वेळी कोणत्या गल्लीत कोणती बोट किती माणसे आणू शकेल, हे नियंत्रण कक्षाला माहीत असेल. ज्यांना बोट चालवायची आहे त्यांच्याकडून माणूस आत घेण्याचा सराव त्याच दिवशी करून घेता येईल. असे दिवस ठरले तर त्यांच्या तारखा आणि ठिकाण आपल्या दैनिकाने ठळकपणे छापावे, आणि तोपर्यंत ज्यांच्याकडे बोट आली आहे त्यांनी निदान पेट्रोलची टाकी मागच्या फळीपाशी न ठेवता मध्याकडे हलवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र अभियंता
दांडिया बाजार, बडोदे